कमरेवरचं बिऱ्हाड

पापडी, वसई.
मंगळवार, दुपार.

प्रिय सुधाकरराव यांस,

पापडीहून प्रल्हादचा नमस्कार पोचावा. सौ. मनोरमाताईंना अनसूयेचा आशीर्वाद (ती मागच्या पडवीत वाल सोलते आहे, तिला विचारलेलं नाही, पण धाकट्या बहिणीला आशीर्वाद द्यायला ती नाही म्हणायची नाही). इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तसं ते नाही, पुढे येईलच. तुमची प्रकृती कशी आहे? गुडघे, रक्तदाब आणि एकंदर कातडी? यंदा नाशकात उन्हाळा कडक आहे असं पेपरात वाचलं. उन्हाळ्यात माणसाला घाम येतो. कमरेला जास्त येतो. असो.

तुम्ही म्हणाल, घरात फोन असताना हा माणूस पत्र कशाला लिहितो. कारण असं, की इकडे मी फोनवर बोलायला लागलो की अनसूया हातातलं काम टाकून जवळ येऊन बसते, आणि तिकडे मनोरमाताई फोन स्पीकरवर ठेवतात. जी गोष्ट सांगायची आहे ती कमरेची आहे आणि चौघांत सांगण्यासारखी नाही. शिवाय मी सातवीपर्यंत शिकलेला. बोलताना माझा क्रम चुकतो, लिहिताना निदान मागे जाऊन खोडता येतं.

आधी आनंदाची गोष्ट. आमच्या नातवाला, कौस्तुभला, मुलगा झाला हे तुम्हाला ठाऊक आहे. बारशाला तुम्ही येणार होतात, पण मनोरमाताईंचा मोतीबिंदू आडवा आला. मुलाचं नाव कियांश ठेवलं आहे. (अर्थ कौस्तुभला मोबाईलवर सापडला होता, आता पुन्हा सापडत नाही. मी बाळ म्हणतो.) नातसून ज्ञानदा माहेराहून बाळाला घेऊन आता पापडीला आली आहे, आणि येत्या अक्षय्य तृतीयेला आमच्या अंगणात माझ्यावर सोन्याची फुलं उधळायचं ठरलं आहे. पणतू झाला की पणजोबाला पाटावर बसवून त्याच्या मांडीवर पणतू देतात आणि दोघांच्या डोक्यावर फुलं टाकतात, त्यात थोडी सोन्याची, हे तुम्ही कुठेतरी पाहिलं असेल. आमच्या घराण्यात हा योग आजवर कोणाला आला नाही. वडील, आजोबा, सगळे नातवंडांपर्यंत पोचून थांबले. असं झालेला माणूस थेट स्वर्गात जातो म्हणतात. स्वर्गाची मला घाई नाही. पण त्या पाटावर सोवळं नेसून उघड्या अंगानं बसायचं असतं, आणि मांडीवर बाळ असतं. अडचण या दोन गोष्टींची आहे.

गणपतीत तुम्ही आमच्याकडे होतात तेव्हा माझ्या कमरेला उजव्या बाजूनं एक चट्टा उठला होता. गोल. कड लाल आणि जराशी उचललेली, मधली कातडी अगदी साफ, ओल्या पेल्याची खूण पाटावर उमटावी तशी. मला वाटलं, करदोटा घासला असेल. खाज मात्र अशी, की आरतीच्या वेळी टाळ हातात असताना मी एक हात मोकळा ठेवू लागलो. टाळ एका हातानं वाजत नाहीत हे फक्त तुमच्या लक्षात आलं. तुम्ही चारचौघांत काही बोलला नाहीत, हा तुमचा मोठेपणा. नंतर बाजूला घेतलंत आणि पिशवीतून एक ट्यूब काढून दिलीत. "लावून बघा साडूभाऊ, लगेच थंड. मी तर कायम जवळ ठेवतो." खरोखर लगेच थंड. त्या दिवशी मी तुमच्याविषयी जे चांगलं बोललो ते अनसूयेनं मनोरमाताईंना सांगितलंही असेल.

ती ट्यूब संपल्यावर मी तीच दुसरी आणली, मग तिसरी. लावली की लाली जाई, खाज जाई. बंद केली की परत येई, आणि येताना बरोबर पाहुणे घेऊन येई. दिवाळीपर्यंत कमरेला पट्टा झाला, संक्रांतीला तो पोटावर चढला आणि पाठीवर कुठवर गेला ते मला दिसत नव्हतं. मी घरात एकावर एक दोन बंड्या घालू लागलो. अनसूयेनं विचारलं, तर थंडी म्हणालो. वसईची थंडी तुम्ही पाहिली आहे. तिला दोन बंड्या लागत नाहीत.

(हे सांगायचं राहिलं की या काळात मला नाना शंका आल्या. आमच्या लहानपणी होळी नावाच्या नाक्याकडच्या वाटेवर एक अंगावर डाग असलेला माणूस बसत असे आणि आम्ही मुलं त्याला वळसा घालून शाळेत जात असू. त्याची आठवण मला अंघोळीच्या वेळी नेमानं येऊ लागली. मी अंघोळ डोळे मिटून करू लागलो.)

बारशाला ज्ञानदाच्या माहेरी, ठाण्याला, गेलो. सगळ्यांनी बाळ आळीपाळीनं घेतलं. घेता घेता ते माझ्यापर्यंत आलं आणि मी म्हणालो, पाठीत चमक भरली आहे. पुन्हा थोड्या वेळानं आणलं, तेव्हा म्हणालो, सर्दी आहे. तिसऱ्यांदा कोणी आणलं नाही. निघताना ज्ञानदा अनसूयेला हळूच म्हणाली, "आजी, आजोबांना पणती हवी होती का हो?" पोरीचा चेहरा एवढासा झाला होता. अनसूया गाडीत बसेपर्यंत गप्प राहिली. गाडीत बसल्यावर गप्प राहिली नाही. तिनं माझी बंडी वर केली, मग दुसरी वर केली, आणि ड्रायव्हरच्या देखत जे काही म्हणाली ते मी कागदावर उतरवत नाही. एवढंच लिहितो, की त्यात तुमच्या ट्यूबचाही उल्लेख होता.

वसईत विनिता नावाच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई आहेत, वयानं आमच्या नातींत बसतील अशा. त्यांच्याकडे गेलो. बाहेरच्या बाकावर बसलेला प्रत्येक जण खाजेसाठीच आला होता आणि एकही माणूस खाजवत नव्हता. इतकी सभ्य मंडळी मी लग्नातसुद्धा पाहिली नाहीत. आत बाईंनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही ट्यूब लावून लावून याचा चेहराच पुसून टाकलाय. नुसतं बघून आता सांगता येत नाही." मग एका बोथट पात्यानं कडेची कातडी खरवडली. पीठ पडावं तसं पांढरं काचेवर पडलं. त्यावर कसलंसं पाणी टाकून थोडा वेळ थांबल्या (त्यानं कातडी विरघळते आणि जी बया आहे ती तेवढी उरते), मग काच यंत्राखाली ठेवून पाहिली आणि मला म्हणाल्या, या, बघा. मी पाहिलं. सुधाकरराव, पानवेलीच्या खोडाशी माती उकरली की बारीक मुळ्या दिसतात ना एकमेकींत गेलेल्या, फांद्या फुटलेल्या, मध्ये मध्ये पेरं असलेल्या? हुबेहूब. माझ्या कमरेवर कोणीतरी वाडी केली होती.

बुरशी म्हणाल्या. आपण तिला नायटा म्हणतो, गजकर्ण म्हणतो. पाव फुगवणारं यीस्ट, पावसात ओंडक्यावर उगवणारी अळंबी आणि माझ्या कमरेवरचं हे बिऱ्हाड, सगळं एका कुळातलं. ही कातडीचा वरचा मेलेला पापुद्रा खाते, केस खाते, नख खाते. आत रक्तात शिरत नाही. जिथं बसते तिथलं संपवून बाहेरच्या बाजूला सरकते, म्हणून कड लाल आणि मध्य साफ. आणि तुमची ट्यूब काय करते, तर त्यात स्टेरॉइड असतं. ते बुरशीला मारत नाही. वाडीत चोर शिरला की कुत्रा भुंकतो, ती आपली खाज आणि लाली. ट्यूब त्या कुत्र्याचं तोंड बांधते. घरचे म्हणतात, वा, काय शांतता, आणि चोर सावकाश केळीचे घड उतरवतो. (कुत्र्याचा दाखला माझा आहे. बाईंनी तो ऐकला आणि म्हणाल्या, मी पुढच्या पेशंटला सांगू का? मी परवानगी दिली.)

बुरशी म्हटल्यावर मला खरं तर धीर आला होता. बुरशीत माझं आयुष्य गेलं आहे. केळीच्या पानावरचा करपा काय, पानवेलीची मर काय, मी वडिलांच्या हाताखाली मोरचूद आणि चुना कालवून फवारत मोठा झालो. म्हणून मी बाईंना सरळ विचारलं, की तेच निळं पाणी चालेल का. त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "फवारलंत का?" मी म्हणालो, अजून नाही. "अजून नाही म्हणजे?" तेव्हा मला पायातली चप्पल काढावी लागली. डाव्या अंगठ्याचं नख बरेच महिने पिवळं आणि जाड झालं होतं, त्याच्यावर मी अंदाजानं थोडंसं लावून पाहिलं होतं. अंगठा निळा होता. बाईंनी त्याचीही खरवड घेतली. तीच वस्ती तिथंही निघाली, निळ्या पाण्याला न जुमानता. शेजारी बसलेली अनसूया छताकडे बघत होती.

मग हुकूम सुटले. पोटात घ्यायच्या गोळ्या, लावायला साधं मलम, ते चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जागेपर्यंत लावायचं. खाज थांबली म्हणून गोळी थांबवायची नाही. अंघोळीनंतर अंग कोरडं करायचं, ओलं कापड क्षणभरसुद्धा अंगावर ठेवायचं नाही, ही पहिली आणि मुख्य सूचना. पंचा वेगळा, कपडे कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात उलटे वाळवायचे, घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं. (हे मला ताबडतोब पटलं. एका केळीवर करपा दिसला म्हणून एकच केळ कोणी फवारत नाही.) आणि स्लाइड स्वच्छ येईपर्यंत बाळाला मांडीवर घ्यायचं नाही. हे मी विचारलं नव्हतं. अनसूयेनं विचारलं.

गोळ्यांच्या पाकिटात घडी घातलेला एक कागद असतो. तो कौस्तुभकडून मराठीत समजावून घेतला, ही चूक झाली. त्यात लिहिलं होतं, मळमळ, डोकेदुखी, तोंडाची चव जाणे, यकृतावर परिणाम. दुपारपर्यंत मला सगळं झालं. यकृत नेमकं कुठे असतं ते माहीत नसल्यामुळे मी दोन्ही बाजू दाबून पाहिल्या, दोन्ही दुखल्या. गर्भवती स्त्रियांनी घेऊ नये, हा एकच इशारा मला लागू नव्हता, तरी तोही मी पुन्हा वाचून घेतला. रक्त तपासलं, ते चांगलं निघालं. ट्यूब बंद केल्याबरोबर कमर अशी पेटली, की बाईंनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून मी जिवंत राहिलो. पुढे उतरत गेलं. पाठ साफ झाली, पोट साफ झालं, नखाला वर्ष लागेल म्हणतात ते लागो. पण कमरेचा पट्टा जाईना. गेला असं वाटे आणि पुन्हा त्याच ओळीत उठे, जणू कोणी दोरी धरून आखून द्यावं.

दरम्यान ज्ञानदा बाळाला घेऊन इथं आली. रोज सकाळी ती त्याला पडवीत उन्हाला ठेवते आणि मी अंगणातल्या खुर्चीवर बसून पेपर वाचतो. आता ते हसतं. मी पेपराच्या वरून बघतो. तिला खरं सांगू नकोस असं मी अनसूयेला बजावलं होतं. पोर नवी आहे, आणि पणजोबाला नायटा आहे हे माहेरी जाईल.

पुढच्या खेपेला बाई चक्रावल्या. गोळी वेळेवर? हो. कपडे कढत पाण्यात? हो. पंचा वेगळा? हो. घरात दुसऱ्या कोणाला? नाही. मग त्यांनी विचारलं, कमरेला रोज नेमकं काय नेसता, सकाळपासून सांगा. मी सांगू लागलो, की अंघोळ झाली की सोवळं नेसून पूजा, मग धोतर. आणि अनसूया म्हणाली, "डॉक्टर, यांचं सोवळं कोणीच धुतलेलं नाहीये. मी लग्न होऊन आले तेव्हापासून."

तुम्हाला ते सोवळं ठाऊक आहे. केशरी रेशमी पीतांबर, माझ्या वडिलांचं. रेशमाला विटाळ नाही, ते धुवावं लागत नाही, असं वडील सांगत. अंघोळ करून, अंग ओलं असतानाच ते नेसायचं, पूजा झाली की देवघरातल्या दांडीवर काठीनं टाकायचं, आणि दुसऱ्या कोणी त्याला शिवायचं नाही. अनसूयेनं घरातली चादर उकळली, उशीचे अभ्रे उकळले, माझी टोपी उकळली. देवघरातल्या दांडीकडे तिनं पाहिलं आणि सोडून दिलं, कारण लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मीच तिला ओरडून सांगितलं होतं की त्याला हात लावायचा नाही. बाई म्हणाल्या, "म्हणजे ओलं अंग, अंधारी खोली, न धुतलेलं कापड, रोज त्याच जागी." मी म्हणालो, पण ते सोवळं आहे. त्या म्हणाल्या, "हो ना. म्हणून तर तिला तिथं कोणी त्रास दिला नाही."

घरी आल्यावर अनसूयेनं देवाला नमस्कार केला, दांडीवरून पीतांबर हातानं ओढून काढलं आणि माझ्या बंड्या-धोतरांबरोबर मोठ्या पातेल्यात सोडा घालून उकळलं. रेशीम उकळू नये हे तिलाही माहीत आहे. इतक्या वर्षांचं होतं ते, मी अडवलं नाही. पीतांबर आकसून पंच्याएवढं झालं, आणि त्याचा रंग सुटून माझी सगळी धोतरं, सगळ्या बंड्या भगव्या निघाल्या. दुसरं काही नसल्यामुळे मी तेच कपडे घालून बाजारात गेलो. पापडी नाक्यावर एक अनोळखी गृहस्थ रिक्षा थांबवून माझ्या पाया पडले. त्यांना मुलाच्या नोकरीविषयी विचारायचं होतं. मी त्यांना कपडे कढत पाण्यात धुवा एवढंच सांगू शकलो.

तेव्हापासून पट्टा मावळत आला आहे. परवा, गुरुवारी, शेवटची खरवड आहे. काचेवर काही दिसलं नाही तर मी पाटावर बसेन. दिसलं तर अक्षय्य तृतीयेला बाळ दुसऱ्या कोणाच्या तरी मांडीवर द्यावं लागेल. वडीलकीच्या मानानं तुम्हीच येता, मावसपणजोबा. तेव्हा तुम्ही उभयतां दोन दिवस आधीच निघून या, आणि तशीच वेळ आली तर माझ्याऐवजी बसा. मी बाजूला उभा राहून फुलं टाकीन. तुमच्या मांडीवर बाळ शोभेल.

कळावे. मनोरमाताईंच्या डोळ्याला आराम पडो.

तुमचा साडू,
प्रल्हाद

ता. क. बुधवार. वरचं लिहून झालं आणि जेवताना घास हातात राहिला. सुधाकरराव, दर गणपतीत तुम्ही आपलं सोवळं नाशकाला विसरता आणि अथर्वशीर्षाला माझंच नेसता (शिवू नये हा नियम पाहुण्याला सांगता येत नाही). आणि ती ट्यूब तुम्ही कायम जवळ ठेवता. कशासाठी? कोणाची कोणाला लागली हा वाद मी घालत नाही. आज मुद्दाम दवाखान्यात फोन करून विचारलं. बाई म्हणाल्या, काचेवर सगळ्या सारख्याच दिसतात, वरून मालकाचं नाव कळत नाही. तेव्हा खरी विनंती अशी: मांडीविषयी वर जे लिहिलं आहे ते रद्द समजावं (खोडलं नाही, कागद वाईट दिसतो). इकडे येण्याआधी तिकडच्या त्वचेच्या डॉक्टरांकडून खरवडून घ्या, मनोरमाताईंनाही न्या, आणि ट्यूब तिथंच फेकून या. ताईंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी थंडी म्हणालो होतो, ते टिकलं नाही.

ता. क. दुसरा. गुरुवार. पत्र टाकायचं राहिलं होतं ते बरं झालं. काच स्वच्छ आली. बाईंनी बराच वेळ पाहिलं, मग मीही पाहिलं. एक हवेचा बुडबुडा होता, तो मला संशयास्पद वाटला, पण त्या नाही म्हणाल्या. गोळ्या अजून काही दिवस चालू. बाळाला घ्यायला हरकत नाही. तुमच्या मांडीची आता गरज नाही, जेवायला मात्र जरूर या.

ता. क. शेवटचा. घरी आलो तर अनसूयेनं ज्ञानदाला सगळं सांगून टाकलेलं होतं, निळ्या अंगठ्यासकट. पोर आधी हसली, मग जरा रडली, आणि मला "बसा" म्हणून बाळ माझ्या भगव्या धोतरावर आणून ठेवलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मांडी भिजवली. अनसूया आतून ओरडली, उठा, आधी बदला ते, काय सांगितलंय डॉक्टरनं! तोवर त्याला झोप लागली होती. धोतर अंगावरच वाळलं. हे वसईत कुठे बोलू नये.